घर न विचारलेली सवाष्ण

ही हकिकत खरी आहे.

पटली तर पटली. नाही पटली तर मी वाद घालणार नाही. आज शुक्रवार आहे, सकाळची पोथी आत्ताच मिटून ठेवली आहे. त्या तोंडाने मी खोटं बोलणार नाही, एवढंच.

जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी मावशी. जानकीमावशी.

तिने हे मला एकदाच सांगितलं. तेही घरात नाही. माझा हात धरून तिने मला चाळीबाहेर, रस्त्यापलीकडच्या पिंपळापाशी नेलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. मी म्हटलं, "मावशी, घरीच बसून बोलू या की."

तर म्हणाली, "घरात नको गं. ऐकेल."

काका कामावर गेले होते. घराला बाहेरून कडी होती. घरात कुणीच नव्हतं...

साल १९८६. माघातला शुक्रवार. वेळ रात्रीची नव्हती, हे आधीच सांगते. भर दुपारचे बारा.

जागा म्हणजे एक बेट. बोरिवलीच्या खाडीतून होडीने जावं लागतं. नाव लिहीत नाही. तिथे माणसं राहतात, देवीचं ठाणं आहे. उगाच बदनामी नको.

मावशी तेव्हा काजूपाड्यात बैठ्या चाळीत राहायची. शेजारच्या खोलीत तिची मोठी जाऊ, शेवंतीवहिनी. तीन वर्षांपूर्वी, मिलचा संप लांबत चालला तेव्हा, मावशीच्या यजमानांनी, म्हणजे सहदेवकाकांनी, छातीचं मोठं दुखणं काढलं होतं. खोकल्यातून रक्त पडायचं. डॉक्टरांनी मान हलवली होती. तेव्हा दारावर येणाऱ्या एका कोळणीने या बेटावरच्या देवीचं नाव सांगितलं आणि मावशी नवस बोलली. हे बरे होऊ देत, तुझ्या डोंगरावर पाच सवाष्णी जेवू घालीन.

काका बरे झाले. कांदिवलीला एका कारखान्यात लागलेसुद्धा.

नवस मात्र राहिला.

पहिल्या वर्षी ऐन वेळी सुतक आलं. दुसऱ्या वर्षी दोन सवाष्णी गावाला लग्नाला गेल्या. तिसऱ्या वर्षी मावशीचाच पाय मोरीत मुरगळला. देव जाणे काय होतं, पण ठरलं की फिसकटायचं. मावशी चिडायची, रडायची, पुढचा मुहूर्त धरायची.

आणि त्या पौषात काका पुन्हा खोकायला लागले.

एका सकाळी मोरीतलं पाणी लाल दिसलं. काकांनी घाईने तांब्या ओतला. मावशीने पाहिलं ते पाहिलंच.

"या माघात कायपण होऊ दे," ती शेवंतीवहिनीला म्हणाली, "मी डोंगर चढणार."

देवीला सवाष्णी कशा जेवू घालायच्या, ती रीत मावशीच्या सासूबाईंनी सांगून ठेवली होती. यजमानीण धरून पाच सवाष्णी. बरोबर पुरुष नको. पायथ्यापासून अनवाणी. सूर्य डोक्यावर असताना देवीसमोर जेवण. आणि कुंकू लावताना प्रत्येकीला तिचं घर विचारायचं. ओळखीची असली तरी. "बाई, घर कोणतं?" तिने घर सांगायचं, मगच कपाळाला बोट टेकवायचं.

"का हो आई?" मावशीने तेव्हा विचारलं होतं.

"इचारूचा म्हणजे इचारूचा," म्हातारी म्हणाली होती.

मावशीनेही मग पुढे काही विचारलं नाही.

*

सकाळी साडेसातला त्या धक्क्यावर पोचल्या. मावशी, शेवंतीवहिनी, चाळीतल्या विमलाताई आणि विमलाताईंची नवी सून मृणालिनी. पाचवी मावशीची नणंद, पद्मजावन्सं. त्या मुलुंडहून येणार होत्या.

खाडीत नुसता चिखल होता. होडी त्यात कलंडून पडलेली.

"पाणी चढल्याबिगर होडी हलायची नाय," होडीवाला काशीराम म्हणाला. "नऊ वाजतील."

नऊ वाजले. पाणी चढलं. वन्संचा पत्ता नाही.

"अजून दहा मिनिटं," मावशी म्हणाली.

"दहा-दहा करत तास झाला, बाय. परत येताना पाणी उतरलं तर मी तुमाला खांद्यावर आणू काय? चारच्या आत खाली या. नाय आलात तर रात्र तिकडंच."

मावशी वळून वळून रस्त्याकडे बघत होती. एक बस आली. तिच्यातून सगळं जग उतरलं, वन्सं उतरल्या नाहीत.

"पद्मा इली नाय ती नायच," शेवंतीवहिनी म्हणाली. "तिका कधी वेळ कळली हा? स्वतःच्या लग्नात पण हीच उशिरा."

मृणालिनी खुदकन हसली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. तीन वर्षं! आणि आज पुन्हा चारच.

शेवटी चौघी बसल्या. होडी सुटली.

खाडी ओलांडली आणि बेट पुढे आलं. फार देखणं. कडेने हिरवी तिवरं, मग ताडांची रांग, पलीकडे मिठागरांचे पांढरे चौकोन. आणि मधोमध तो डोंगर. झाडाचं पान नाही. नुसता काळा कातळ, एकावर एक धोंडे रचल्यासारखा.

"आई गं, किती सुंदर," मृणालिनी म्हणाली.

"चढ मगे, कळात सुंदर कसा ता," शेवंतीवहिनी म्हणाली.

पायथ्याला चपला काढल्या. डबे डोक्यावर घेतले. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, शेवयांची खीर. आणि काशीराम पाठीमागून ओरडला, "चारच्या आत!"

सुरुवातीला पायऱ्या होत्या, मग नुसत्या खोबणी. त्यात पुढचा पाय, हाताने वरचा धोंडा धरायचा, मग मागचा पाय. खिरीच्या डब्याचं झाकण सैल होतं. ती मावशीच्या मानेवरून पाठीवर ओघळू लागली. विमलाताईंचा श्वास लागला. मृणालिनीच्या टाचेला कातळाची कपची लागली. त्यात एका ठिकाणी वाट दोन झाल्या. मावशीने डावी धरली. अर्धा तास चढल्यावर समोर सरळ कडा आणि खाली समुद्र...

"झाला समाधान?" शेवंतीवहिनी म्हणाली. "माका वाटला तुका वाट म्हायत आसा."

"मला स्वप्न पडलंय का वाटेचं? तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही का नाही बोललात?"

"बोललय असतंय तर तू ऐकलं असतंस?"

पुन्हा खाली. पुन्हा वर. ऊन चढलं तसा कातळ तापला. चौघी चटका बसल्यासारख्या एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत चढत होत्या.

तेवढ्यात मृणालिनी थांबली.

"काकू, मागून कोणी येतंय का?"

सगळ्या थांबल्या.

खाली पार पायथ्यापर्यंत उघडा कातळ. माणूस काय, सरडाही लपायला जागा नाही.

पण आवाज येत होता...

काकणांचा. भरल्या हाताच्या काचेच्या काकणांचा. कुणी हात टेकत टेकत चढत असावं तसा.

किण... किण... किण...

"आपलाच घुमतो गं आवाज," विमलाताई म्हणाल्या.

चौघी हलल्या नव्हत्या. चौघींचे हात डोक्यावरच्या डब्यांना होते.

"वन्सं असतील!" मावशी एकदम म्हणाली. "दुसऱ्या होडीने आल्या असतील. पद्मावन्सं! ओ पद्मावन्सं!"

आवाज थांबला.

मावशीला तेव्हा भीती वाटली नाही. तिला रागच आला. आलीस तर ओ द्यावी की नाही माणसाने?

*

माथ्यावर पोचल्या तेव्हा सूर्य अगदी डोक्यावर होता.

वर सपाट कातळ. एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला शेंदूर फासलेली देवी. चारही बाजूंनी पाणी, पलीकडे बोरिवलीच्या इमारती काडेपेट्यांएवढ्या. खाली लाटा खडकांवर फुटताना दिसत होत्या, पांढऱ्या फेसासकट.

दिसत होत्या. ऐकू येत नव्हत्या...

वाराही नव्हता. पक्षी नव्हता. शेवंतीवहिनी घसा खाकरली तर तेवढाच आवाज झाला आणि तोही लगेच कुणी गिळल्यासारखा विरला.

मावशीने देवीला पाणी घातलं. पत्रावळी मांडल्या. पाच.

पाचवी पत्रावळ बघून तिचे हात थबकले.

"चवघींवर भागव गो," शेवंतीवहिनी जरा मऊ आवाजात म्हणाली. "देवी काय मोजूक बसली हा?"

"मी पाच बोललेय, वहिनी."

"मगे काय करतलंस? पाचवी काय धोंड्यातून काढतलंस?"

मावशीला मोरीतलं ते लाल पाणी दिसत होतं. तिने देवीकडे बघितलं आणि मनात म्हणाली, आता तूच बघ. मी थकले.

कुंकवाची कुयरी उघडली. विमलाताईंसमोर बसली.

"बाई, घर कोणतं?"

"काजूपाड्यातलं, देसायांचं."

बोट टेकवलं. मग मृणालिनी.

"बाई, घर कोणतं?"

"आमचं... म्हणजे यांचंच की," ती लाजली. "देसायांचं."

मग शेवंतीवहिनी.

"बाई, घर कोणतं?"

"तुझ्या भिंतीपलीकडला! रोज रात्री तुझी भांडी आपटलेली ऐकतंय मी!"

त्या उन्हातही चौघी हसल्या. मावशीने हसत हसत कुंकू लावलं. स्वतःला लावावं म्हणून पुन्हा बोट कुयरीत बुडवलं, सहज मान वळवली...

शेवंतीवहिनीच्या शेजारी, पाचव्या पत्रावळीसमोर, एक बाई बसली होती.

हिरवी साडी. गळ्यात काळी पोत. हातात कोपरापर्यंत हिरवी काकणं. मान खाली.

केव्हा आली, कुठून आली, कुणी पाहिलं नव्हतं. साडीचा काठ ओला होता. कातळावर त्या काठाखाली पाण्याचा ओघळ आला होता, आणि तापलेल्या तव्यासारख्या त्या दगडावर तो सुकत नव्हता.

तिची सावली पडली होती की नाही, म्हणून मी नंतर मावशीला विचारलं. ती म्हणाली, "बाराच्या ठोक्याला कुणाची सावली असते गं? आमचीही नव्हती."

मावशीला वाटलं, देवीच पावली. बेटावरची कुणी कोळीण असेल, मीठ भरायला निघालेली. पाचवी मिळाली! तीन वर्षांनी पाच पुऱ्या झाल्या!

त्या बाईने मान वर केली.

कपाळ कोरं होतं. घामाने पुसलं असेल, मावशीला वाटलं.

"गो बाय," शेवंतीवहिनीने विचारलं, "तू खयची? कोणाच्या घरची?"

बाई मावशीकडे बघत राहिली. मावशीच्या बोटाकडे.

"बाय, घर खयचा तुझा? सांग मगे..."

"वहिनी, गप बसा हो जरा!" मावशी कडाडली. सकाळपासूनचा सगळा वैताग त्या एका वाक्यात बाहेर पडला. "सूर्य कलला तर पुन्हा सगळं मुसळ केरात! एक आलेय तर तिला पळवून लावताय! नंतर विचारा काय विचारायचं ते!"

आणि तिने बोट टेकवलं.

कपाळ थंडगार होतं. विहिरीतल्या दगडासारखं.

मावशीचं बोट झटकन मागे आलं. पण कुंकू लागलं होतं.

मग त्या बाईने कुयरीत आपलं बोट बुडवलं आणि मावशीला कुंकू लावलं. ओलं बोट. त्यात बारीक खर लागत होती, वाळूसारखी. पण वाळू नव्हे... दगडाचा चुरा.

जेवण झालं. विमलाताईंनी नंतर शपथेवर सांगितलं की त्या बाईचा हात पत्रावळीवरून तोंडाकडे गेलेला त्यांनी एकदाही पाहिला नाही. पण भांडी आवरून वळल्या तेव्हा पाचवी पत्रावळ लख्ख होती. धुतल्यासारखी. पाण्याचे थेंब होते तिच्यावर.

बाई नव्हती.

"येते" म्हणाली नव्हती. सवाष्ण जेवून उठली की "येते" म्हणते, आपण "या" म्हणतो. त्यातलं काहीच झालं नव्हतं...

*

उतरताना कुणी मागे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरलं नव्हतं. तरी कुणी बघितलं नाही.

किण... किण... आवाज खालपर्यंत सोबत होता.

साडेतीनला होडीशी पोचल्या. चौघी चढून बसल्या. काशीराम वल्हं धरून नुसता उभा.

"चल की रे बाबा," विमलाताई म्हणाल्या.

"पाचवी येऊ दे ना."

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सकाळी चारच होतो आम्ही," मावशी म्हणाली.

"त्ये माहीत हाय मला. पण आत्ता पाच उतरलात. हिरवं लुगडं होतं पाचवीचं, तुमच्या मागं. धोंड्याआड गेली, मी म्हटलं..."

तो बोलता बोलता थांबला. होडी एका अंगाला हलकेच कलली. कुणी चढल्यावर कलते तशी.

काशीरामने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, कपाळाला हात लावला आणि होडी सोडली. वाटेत एकदाच बोलला.

"सकाळी भरले डबे होते, हलकी चालत होती. आता रिकामे हायत. तरी जड चालते."

शेवंतीवहिनी, जिचं तोंड एरवी बंद होत नसे, पदर डोक्यावरून घेऊन गप्प बसली होती.

*

घरी पोचली तेव्हा सहदेवकाका दारात बसले होते. चेहरा तजेलदार. दिवसभर खोकले नव्हते.

"आलात? बसा दोघी, दमला असाल," म्हणाले, आणि आत जाऊन पाण्याचे दोन पेले घेऊन आले.

शेवंतीवहिनी केव्हाच आपल्या खोलीत गेली होती.

मावशीने एक पेला घेतला. दुसरा उंबऱ्याजवळ राहिला. सकाळी बघितलं तर रिकामा होता, आणि शहाबादी फरशीवर उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओल...

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी फोटो काढला. छाती साफ. ते म्हणाले, असं क्वचितच होतं. मावशीने देवाला साखर ठेवली, चाळभर पेढे वाटले. वन्सं येऊन रडून गेल्या. ऐनवेळी अडचण आली होती त्यांना, निरोप धाडायला कुणी मिळालं नव्हतं. मावशीने तेही मनातून काढून टाकलं. नवस फिटला होता. नवरा वाचला होता. आणखी काय हवं?

मग हळूहळू सुरू झालं.

संध्याकाळी ती दिव्यापाशी जायची, तर वात आधीच तेलात भिजवलेली. कुयरीतलं कुंकू सकाळी ओलं. भातात बारीक खर. तांदूळ तीनदा निवडले, चौथ्यांदा धुतले, तरी दाताखाली कचकच.

एक दिवस काका जेवताना म्हणाले, "काल दुपारची पेज झकास होती हं."

मावशी काल दुपारी विमलाताईंबरोबर बाजारात होती.

"कुणी दिली पेज?"

काका गोंधळले. "तूच ना? हिरवी साडी नेसली होतीस..."

मावशीकडे हिरवी साडी नव्हती.

वैशाखात ती गावी गेली. सासूबाई आजारी, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सगळं सांगितलं. म्हातारी छताकडे बघत ऐकत होती. शेवटी एकच विचारलं.

"घर इचारलंस?"

मावशीने मान खाली घातली.

"घर न इचारता कुकू लावलंस, म्हणजे तूच तिका घर दिलंस. आता ती तुझ्या घरची सवाष्ण."

"मग आता काय करू, आई?"

"इचार तिका. दिवेलागणीक इचार. घर सांगल्यान तर थय नेवन पोचव. नाय सांगल्यान तर..."

म्हातारीने कूस बदलली. मावशी रात्रभर उशाशी बसली. पुढचं वाक्य आलं नाही. आषाढात म्हातारी गेली.

गावाहून परतल्या दिवसापासून रोज दिवा लावला की मावशी हात जोडून विचारायची, "बाई, घर कोणतं?"



शुक्रवारी अळणी जेवू लागली. सोळा शुक्रवार झाले. बत्तीस झाले. "बाई, घर कोणतं?" चुलीपाशी नुसतं किण... व्हायचं आणि थांबायचं. मावशी रडकुंडीला यायची. तिला स्वतःचाच राग यायचा. तो एक प्रश्न! तीन शब्द! तिघींना विचारला, चौथीला विचारायला काय झालं होतं? शेवंतीवहिनी विचारत होती, तिचंही तोंड आपणच बंद केलं!

दुसऱ्या वर्षीच्या माघात, एका संध्याकाळी तिचा बांध फुटला. काका खाटेवर डुलकी घेत होते. दिवा लावला आणि ती ओरडलीच.

"सांग ना गं बाई एकदाचं! किती दिवस विचारू? कुठलं घर तुझं? पाया पडते तुझ्या, सोडून येते तुला! कोणतं घर?"

खाटेवरून काका बोलले. डोळे मिटलेले. आवाज झोपेतला.

"हेच."



दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हिरवा खण, नारळ, बांगड्या आणि ती कुयरी एका फडक्यात बांधली. शेवंतीवहिनीला हाक मारली. घर सांगितलं नाही तरी जिथून आणली तिथे तरी नेऊन ठेवू, असं दोघींचं ठरलं.

मावशीने फडकं घेऊन उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं.

आत काका खोकले.

दुसरं पाऊल टाकलं. खोकला थांबेना. ती धावत आत आली. काका मोरीच्या कडेला वाकलेले. पाणी लाल...

शेवंतीवहिनी दारातूनच म्हणाली, "जानके, ठेव ता खाली. ठेव आधी!"

मावशीने फडकं सोडलं. कुयरी होती तिथे, देवापुढे ठेवली.

खोकला थांबला. काकांनी तोंड पुसलं, सरळ उभे राहिले आणि विचारलं, "काय झालं गं? अशी का बघतेस?"

चुलीपाशी काकणं वाजली. एकदाच.

*

पिंपळाखाली एवढं सांगून मावशी थांबली. मी विचारलं, "मग आता?"

"आता काय? दोन वाट्या वाढते," ती म्हणाली. रडली नाही. चिडलेलीच होती अजून, पण आता कुणावर चिडायचं हे तिला कळत नव्हतं. "ह्यांना कोणी वाचवलं, देवीने की हिने, ते मला ठाऊक नाही. आणि ठाऊक करून घ्यायची सोयही नाही. काढून बघू का तिला घरातून?"

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं तिला?

त्यानंतर मावशीने कुणालाच आपल्या हाताने कुंकू लावलं नाही. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका कुरकुरायच्या, जानकी शिष्ट झाली म्हणून. ती ऐकून घ्यायची. मीही तिच्याकडे जाताना घरून कुंकू लावूनच निघायचे. टिकली नाही, चांगलं मेणावर घट्ट. आणि तिथे बसले तरी दाराजवळ, पाठ भिंतीला लावून.

तरी एकदा, १९८८च्या चैत्रात, मी तिथून घरी आले आणि माझ्या सासूबाईंनी दारातच थांबवलं. माझ्या कपाळाकडे बघत म्हणाल्या, "हे दुसरं बोट कुणी लावलं गं?"

मी हात लावला. माझ्या कुंकवाखाली, दोन भुवयांच्या मध्ये, काहीतरी ओलं लागलं.

चिमटीत धरून बघितलं. लाल होतं. त्यात बारीक काळी खर...

मला तिथे कुणीच हात लावला नव्हता. मला कुणी घर विचारलं नव्हतं.

पण मी मात्र निघताना, सवयीने, दारातून आत बघून "येते हं" म्हटलं होतं. मावशी तेव्हा नळावर गेली होती, काका कामावर होते.